शिंकलं की सुटते

डहाणूहून विरारकडे निघालेल्या लोकलच्या बायकांच्या डब्यात पालघर मागे पडलं की गप्पांना रंग चढतो. कुणी साहेबाची नक्कल करतं, कुणी सासूची, आणि अख्खा डबा खिदळू लागतो. त्या हशात एखादी मात्र पायावर पाय घट्ट आवळून बसते, मांडीवरची पिशवी पोटाशी ओढते आणि ओठ मिटून घेते. शेजारणीला वाटतं, हिला विनोद कळला नाही. विनोद तिला कळलेला असतो. मोठ्यानं हसलं तर साडी ओली होईल, हेही तिला कळलेलं असतं.

लघवीवर ताबा न राहणं हा काही दुर्मीळ आजार नाही. जगभरच्या पाहण्या पाहिल्या तर चौघींतल्या निदान एकीला आयुष्यात कधी ना कधी तो गाठतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत तर सुमारे तिघींत एकीला थोडीफार गळती होते. तरीही डब्यात या दुखण्याचा विषय निघत नाही. गुडघे निघतात, साखर निघते, थायरॉइडही निघतं. हे मात्र पदराआड राहतं, कारण बाईला वाटतं की हे आपल्या एकटीचंच आहे, किंवा वय झालं की असं व्हायचंच. यातलं एकही खरं नाही. आणि बहुतेक जणींची गळती ऑपरेशनाशिवाय कमी होते किंवा थांबते.

‘उन्हाळी लागली असेल’

आधी शब्दांचा घोटाळा सोडवायला हवा. दवाखान्यात गेलेली बाई बहुधा म्हणते, ‘डॉक्टर, लघवीचा त्रास आहे.’ बाहेर रांग असते. डॉक्टर विचारतात, ‘जळजळ होते का?’ ती अर्धवट मान हलवते. पाच दिवसांच्या गोळ्या मिळतात. घरी तीच गोष्ट ‘उन्हाळी’ ठरते आणि सब्जा, धन्याचं पाणी सुरू होतं. उन्हाळीत लघवी करताना आग होते, थेंब थेंब होते, ठणका लागतो. जंतुसंसर्ग असेल तर गोळ्यांनी तो बराही होतो. पण नको तेव्हा लघवी सुटणं ही वेगळीच गोष्ट. तिला गोळ्यांचा कोर्स लागू पडत नाही, आणि मग ‘औषध घेऊन पाहिलं, फरक नाही’ असं म्हणून बाई गप्प बसते.

हे गप्प बसणं महाराष्ट्राच्या ओळखीचं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. तो अभ्यास गळतीपुरता नव्हता. पण ‘खालचं दुखणं’ असा एकच मोघम शब्द असला की त्याखाली किती दुखणी झाकली जातात, ते त्यानं उघडं केलं.

गंमत अशी की नेमका शब्द आपल्याच बोलीत आहे. बाया एकमेकींशी बोलतात तेव्हा ‘लघवीचा त्रास’ म्हणत नाहीत. एक म्हणते, ‘शिंकलं की सुटते.’ दुसरी म्हणते, ‘घाई लागली की थांबतच नाही.’ या दोन वाक्यांत दोन वेगळी निदानं आहेत.

झोळी आणि वाळू

मूत्राशय ही स्नायूंची पिशवी. मोठ्या माणसाच्या पिशवीत साधारण ३०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. ती बाहेर नेणारी नळी पुरुषात सुमारे २० सेंटिमीटर लांब, बाईत जेमतेम ४. म्हणजे अडवायला जागाच थोडी. ही पिशवी, गर्भाशय आणि गुदाशय या तिन्हींना खालून आधार देतो तो ओटीपोटाच्या तळाचा स्नायू. पुढच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत तो बाळाच्या झोळीसारखा ताणलेला असतो. झोळीचं कापड घट्ट असेल तर बाळ वर राहतं, सैल पडलं की जमिनीला टेकतं. गर्भारपण, लांबलेलं बाळंतपण, वाढलेलं वजन, वर्षानुवर्षांची बद्धकोष्ठता, चुलीच्या धुरानं जडलेला खोकला आणि पाळी गेल्यावर कमी होणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक, या सगळ्यांनी ती सैल पडते.

सैल झोळीमुळे गळती का होते, हे अमेरिकेतले डॉ. जॉन डिलान्सी यांनी १९९४ मध्ये पाण्याच्या पाइपाची उपमा देऊन सांगितलं. आपण ती केळव्याच्या किनाऱ्यावर नेऊ. पाइप सिमेंटच्या फरशीवर आहे आणि तुम्ही त्यावर टाच दाबली, तर पाणी थांबतं. तोच पाइप मऊ वाळूवर ठेवून दाबा. तो वाळूत रुतेल आणि पाणी चालूच राहील. शिंकताना, खोकताना, हंडा उचलताना पोटातला दाब टाचेसारखा खाली येतो. खालचा तळ फरशीसारखा असेल तर नळी मिटते. वाळूसारखा असेल तर उघडी राहते.

ही झाली ताणाची गळती, ‘शिंकलं की सुटते’ ती. सातपाटीची कोळीण बर्फासकट मासळीची पाटी डोक्यावर घेते, जव्हार-मोखाड्याची बाई भात झोडून झालं की वीटभट्टीवर जाऊन विटा वाहते, बोईसरच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर पाणी चढवलं जातं. या प्रत्येक ओझ्यासोबत टाच खाली येतच असते.

दुसरी घाईची गळती. इथं तळाचा दोष असेलच असं नाही. मूत्राशय भरण्याआधीच त्याचा स्नायू आवळू लागतो. घरापर्यंत सगळं ठीक असतं. दाराशी येऊन कुलपात किल्ली घातली, किंवा मोरीत नळ सोडला, की अशी कळ येते की दोन पावलंही जमत नाहीत. रात्री दोन-तीनदा उठणंही यातच येतं. अनेक जणींना, विशेषतः पन्नाशीनंतर, दोन्ही प्रकार एकत्र होतात.

आणखी तीन प्रकार कमी दिसतात, पण ओळखता यायला हवेत. पिंप काठोकाठ भरून वाहावं तशी थेंब थेंब गळती होते, कारण मूत्राशय नीट रिकामंच होत नाही. जुन्या मधुमेहात मज्जातंतू बधिरले की असं होतं. दुसरा प्रकार वेळेवर न पोचण्याचा. मूत्राशय ठणठणीत, पण गुडघे धरलेले, संडास अंगणापलीकडे आणि रात्रीचा काळोख. अशा आजीला औषध नको, खाटेजवळ कमोडची खुर्ची आणि एक दिवा हवा. तिसरा, अवघड बाळंतपणानंतर किंवा ऑपरेशननंतर रात्रंदिवस, कळ न येताच वाहणारी लघवी. तिथं मूत्राशय आणि योनी यांच्यात छिद्र पडलेलं असू शकतं. त्याला व्यायाम नाही, बहुतेकदा शस्त्रक्रियाच लागते, आणि ती करता येते.

पाणी तोडण्याचा उपाय

विरार-डहाणू पट्ट्यावर उपनगरी लोकल १६ एप्रिल २०१३ ला सुरू झाली. चर्चगेटपासून डहाणू रोड १२४ किलोमीटर. या प्रवासाला अडीच-तीन तास लागतात आणि लोकलच्या डब्यात शौचालय नसतं. मग बाया काय करतात? पाणी तोडतात. सकाळी अर्धा कप चहा, दुपारपर्यंत घोटभर पाणी. हा हिशेब मूर्खपणाचा नाही, नाइलाजाचा आहे. पण तो उलटतो. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, मूत्राशयाला चिडवते आणि कळ लवकर येते. शौचाला कडक होते, कुंथावं लागतं, झोळीवर आणखी ताण येतो. जंतूंनाही वाव मिळतो.

दुसरा नाइलाजाचा उपाय म्हणजे ‘आत्ताच जाऊन येते, पुढं मिळेल न मिळेल.’ कधीमधी ठीक. पण दर अर्ध्या तासानं गरज नसताना गेलं की मूत्राशयाला थोड्याशा भरण्यावरच हाक मारायची सवय लागते.

हा प्रश्न बाईच्या एकटीच्या शिस्तीचा नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यानं कलम १९ मध्ये स्त्री कामगारांसाठी वेगळी, आडोशाची स्वच्छतागृहं बंधनकारक केली. मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ चळवळ उभी राहिली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना मात्र पैसे, हा भेद तिनं चव्हाट्यावर आणला. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकानं उच्च न्यायालयात धाव घेतली आणि २०१५ मध्ये न्यायालयानं महापालिकांना स्त्रियांसाठी पुरेशी, स्वच्छ शौचालयं पुरवण्याबाबत आदेश दिले. हे लिहायचं कारण एवढंच, की कामाच्या पाळीत लघवीला जाऊ देत नाहीत ही तक्रार लाजेची नाही, हक्काची आहे.

तीन दिवसांची वही

उपचाराची सुरुवात वहीनं होते. मापाचा एखादा जुना प्लास्टिकचा पेला घ्या आणि सलग तीन दिवस चार गोष्टी लिहा: किती प्यालात, किती वाजता लघवी झाली, किती झाली, आणि कधी, काय करताना सुटली. बाहेर मोजता येत नसेल तर नुसती वेळ आणि ‘बरीच’ किंवा ‘थोडी’ एवढंही चालेल.

समजा, तारापूर एमआयडीसीत पॅकिंगला पहिल्या पाळीवर जाणारी पंचेचाळिशीची बाई आहे. तिची वही अशी दिसेल. पहाटे ५ वाजता लघवी ४०० मिलि, मग चहा. ५:४० ला निघताना ‘उगाच’ ६० मिलि. पाळी ७ ते ३, त्यात साडेअकराला अर्धा पेला पाणी आणि एकदाच लघवी, गडद पिवळी. ३:५० ला दाराचं कुलूप काढताना सुटली, परकर बदलला. ४ वाजता दोन पेले पाणी, चहा. ५:१५ ला १२० मिलि, ६ ला १०० मिलि. ७ वाजता पुन्हा चहा. रात्री अकरापर्यंत आणखी चार वेळा, दर खेपेला शंभरच्या आसपास.

ही वही बोलते. पहाटेचे ४०० मिलि सांगतात की मूत्राशय लहान झालेलं नाही, मावायला जागा आहे. दिवसभराचं पाणी संध्याकाळच्या चार तासांत कोंबलं गेलंय. सातच्या चहानं भर घातली. कुलपाजवळची गळती घाईची आहे, ताणाची नाही. म्हणजे हिचा पहिला उपाय पाणी वाटून पिण्याचा: सकाळी एक पेला, पाळीत दोन, घरी आल्यावर दोन, झोपण्याआधी दोन तास बंद. चहा धरून एकूण दीड-दोन लिटर, उन्हात राबणारीला अधिक. लघवी वाळल्या गवतासारखी फिकट दिसली की पाणी पुरतंय असं समजावं. चहा-कॉफी दोन कपांवर आणावी, संध्याकाळचा कप सोडावा. (हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाण्याचं माप डॉक्टरच ठरवतील.)

झोळी आवळायची कशी

१९४८ मध्ये अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी तळाच्या स्नायूंचा व्यायाम शास्त्रशुद्ध मांडला. त्यांच्या नावानंच तो आज ओळखला जातो. आपल्याकडे ही जागा अनोळखी नव्हती. हठयोगातला मूळबंध याच भागाशी निगडित आहे आणि ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात त्याचं वर्णन येतं. तिथला हेतू योगसाधनेचा, इथला परकर कोरडा ठेवण्याचा.

स्नायू सापडणं हीच खरी पायरी. चारचौघांत वायू सरू नये म्हणून आपण मागून जसं आवळतो, तसं आवळा. आता लघवी मध्येच थांबवावी तसं पुढूनही आवळा. दोन्ही मिळून आत आणि वर ओढल्यासारखं वाटलं पाहिजे. त्या वेळी पोट, मांड्या आणि ढुंगण ढिले. श्वास चालू. श्वास रोखून खाली जोर लावलात तर उलटाच परिणाम होतो, आणि ही चूक फार जणी करतात. १९९१ च्या एका अभ्यासात ४७ स्त्रियांना हा व्यायाम नुसता तोंडी समजावला, तेव्हा जेमतेम निम्म्या जणींना तो जमला आणि एक चतुर्थांश जणी गळती वाढेल असा जोर लावत होत्या. म्हणून शक्य असेल तर एकदा फिजिओथेरपिस्टकडून किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाकडून ‘बरोबर जमतंय का’ ते पाहून घ्यावं. लघवी मध्येच थांबवून पाहायची ती स्नायू ओळखण्यापुरती, एकदाच. रोज लघवी अडवून व्यायाम करायचा नाही.

मात्रा अशी: आवळून सहा ते आठ सेकंद धरा, तेवढेच सेकंद सोडा. असं आठ ते दहा वेळा. शेवटी चार-पाच झटपट आवळण्या. हे दिवसातून तीनदा. सुरुवातीला दोनच सेकंद धरता आलं तरी चालेल. झोपून जमलं की बसून, मग उभ्यानं. लोकलमध्ये बसल्या बसल्या केलं तर शेजारणीलाही कळत नाही. फरक दिसायला सहा आठवडे, पुरा अंदाज यायला तीन महिने. दहा दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणणं म्हणजे लावणी करून आठवड्यात भात कापायला जाणं.

त्यातली सर्वात कामाची युक्ती अगदी लहान आहे. शिंक येणार असं वाटलं, खोकल्याची उबळ आली, हंड्याला हात घातला, की आधी आवळा, मग शिंका. १९९८ च्या एका अभ्यासात ही युक्ती शिकवून आठवड्यानं तपासलं, तेव्हा मध्यम खोकल्यातली गळती जवळजवळ नाहीशी झाली आणि जोराच्या खोकल्यातलीही बरीच कमी झाली.

बाळंतिणीसाठी एक गोष्ट. पोट बांधायचा पट्टा पोट आवळतो, तळ नाही. सव्वा महिन्याच्या विसाव्यात आईनं किंवा सासूनं डिंकाच्या लाडवांबरोबर या आवळण्याचीही आठवण करून दिली, तर ती आयुष्यभर पुरेल.

एक स्टेशन पुढं

घाईच्या गळतीत मूत्राशयाला शिकवावं लागतं. कळ आली की धावत सुटू नका. धावताना पोटावर दाब येतो आणि मनाची घाई मूत्राशयाला लागते. जिथं आहात तिथं थांबा, बसता आलं तर बसा. पाच-सहा वेळा झटपट आवळा. लक्ष दुसरीकडं न्या. एकोणतिसाचा पाढा म्हणून पाहा, अडखळाल तेवढंच बरं. कळ लाटेसारखी चढते आणि ओसरते. ओसरली की शांतपणे चालत जा.

मग अंतर वाढवायचं. वहीत दर तासाला लघवी दिसत असेल तर पहिल्या आठवड्यात सव्वा तास, पुढच्यात दीड. मनाशी मोजायला सोपं हवं असेल तर पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू अशी स्टेशनं धरा आणि एकेक स्टेशन पुढं जा. हा सराव सुट्टीच्या दिवशी, घरी, संडास जवळ असताना करायचा, लोकलमध्ये नव्हे. निदान सहा आठवडे लागतात आणि अडीच-तीन तासांवर पोचलं की गाडी डहाणूला लागली म्हणायचं.

वजन जास्त असेल तर तेही उतरवावं. अमेरिकेत ३३८ स्थूल स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन घटवलेल्या गटाची गळती ४७ टक्क्यांनी कमी झाली. नुसती माहिती दिलेल्या गटाची २८ टक्क्यांनी. ८ टक्के म्हणजे ७५ किलोच्या बाईनं सहा किलो. साखर आटोक्यात ठेवणं, शौचाला साफ होणं आणि खोकल्यावर उपचार हेही याच यादीत येतात.

तोवर कोरडं राहण्यासाठी पॅड वापरायला हरकत नाही. मात्र पाळीचे पॅड रक्तासाठी असतात, लघवीसाठी नाहीत. औषधाच्या दुकानात गळतीसाठीचे वेगळे पॅड मिळतात. कापड वापरत असाल तर ते ओलं होताच बदला, उन्हात वाळवा आणि त्वचेला पेट्रोलियम जेली लावा.

यानंतर काय

तीन महिन्यांनी पुरेसा फरक नसेल तर पुढचे उपाय आहेत. घाईसाठी मूत्राशय शांत करणाऱ्या गोळ्या मिळतात. त्यांतल्या काहींनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते आणि म्हाताऱ्या माणसाला गोंधळल्यासारखं होऊ शकतं, म्हणून त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्याव्यात. पाळी गेलेल्या बाईला योनीत लावायच्या इस्ट्रोजेन मलमानं घाई कमी होऊ शकते. सैल झोळीमुळे अंग (गर्भाशय) बाहेर येत असेल तर ते आत धरून ठेवणारी रिंग बसवता येते. तरुण वयात अंग बाहेर येणाऱ्या स्त्रियांसाठी गर्भाशय न काढता ते वर टांगण्याच्या शस्त्रक्रिया मुंबईच्याच डॉ. बी. एन. पुरंदरे आणि डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी शोधल्या, आणि त्या आजही त्यांच्या नावानं शिकवल्या जातात. ताणाच्या गळतीसाठी नळीखाली आधाराची पट्टी बसवतात. ती कृत्रिम जाळीची की स्वतःच्या शरीरातल्या ऊतींची, तिचे धोके कोणते, हे आधी विचारावं. ‘गर्भपिशवी काढली की लघवीचंही थांबेल’ असं कुणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं. गर्भाशय काढणं हा गळतीचा उपचार नाही.

काही लक्षणांत तीन महिने थांबायचं नसतं: लघवीत रक्त, ताप आणि कंबरेत कळ, लघवी पूर्ण तुंबणं, बसायच्या जागी बधिरपणा किंवा पायात अचानक आलेली अशक्तता, आणि पाळी गेल्यानंतर परत रक्त जाणं.

आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर काय बोलायचं, ते वाक्य इथंच तयार ठेवू. ‘लघवीचा त्रास’ हा शब्द टाळा. आरोग्य केंद्र असो की खासगी दवाखाना, ओळखीची आशाताई असो की नवे डॉक्टर, एवढंच म्हणा: ‘शिंकलं की लघवी सुटते. सहा महिने झाले. दिवसातून तीन-चार वेळा. जळजळ नाही. ही तीन दिवसांची वही.’ पाच छोटी वाक्यं, अर्धा मिनिट. त्यात उन्हाळी वगळली गेली, प्रकार कळला, किती आणि कधीपासून तेही कळलं. डॉक्टरांना विचारायला उरतं थोडं, आणि तुम्हाला लाजायला त्याहून थोडं.